विरळणी म्हणजे विरळणी

ऑफिसात त्यांना सगळे डिक्शनरीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रारही नव्हती. स्पॅनिशचं इंग्रजी करण्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती. बाकीचे लोक औषधांची पत्रकं, यंत्रांची माहिती असली कामं घेत. जंगलाचे कागद आले की ते न विचारता बाईंच्या टेबलावर येऊन पडत, कारण त्या शब्दांच्या वाटेला कुणी जात नसे. 'मोन्ते बाखो' म्हणजे शब्दशः बुटका डोंगर. पण वनाधिकारी तो शब्द लिहितो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, तोडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटून पुन्हा उभं राहिलेलं रान. एका नव्या मुलीने तिथे खरोखरच बुटका डोंगर लिहिला होता आणि गिऱ्हाइकाने फोन करून त्या डोंगराची उंची विचारली होती.

त्या वर्षी एका लाकूड कंपनीचं मोठं काम आलं. परदेशातल्या एका जंगलाचा दहा वर्षांचा आराखडा. कुठली झाडं, किती वयाची, कुठल्या साली किती तोडायची, सगळं त्यात होतं. तो स्पॅनिशमध्ये लिहिला होता तिथल्या वनाधिकारी बाईने. तोडीचा परवाना देणारं कार्यालय मात्र बाईंच्याच शहरात होतं आणि ते इंग्रजी प्रतच वाचणार होतं, आणि तीही सनदी अनुवादकाचा शिक्का असेल तरच. ऑफिसात सनद एकट्या डिक्शनरीबाईंकडे होती.

पहिला भाग बाईंनी स्वतः केला, शिक्का मारला, तो कार्यालयात पोचलाही. कंपनीला घाई होती म्हणून दुसरा भाग मालकांनी बाहेरून करून घेतला आणि बाईंपुढे ठेवला.

"नुसती नजर फिरवा आणि शिक्का मारा," मालक म्हणाले.

बाईंना नुसती नजर फिरवता येत नसे. चाळिसाव्या पानावर त्या थबकल्या. मूळ शब्द होता 'क्लारा'. क्लारा म्हणजे विरळणी, इंग्रजीत थिनिंग. दाटीतली कमजोर झाडं काढायची, म्हणजे उरलेली नीट वाढतात. भाषांतरात होतं 'क्लिअरिंग'. म्हणजे जागा साफ! एकदा नव्हे, एकतीस वेळा. बाईंनी एकतीसही ठिकाणी लाल शाईने दुरुस्ती केली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर कंपनीचा अधिकारी बसला होता, इस्त्रीची घडी न मोडलेला.

"बाई, आमच्याकडे हाच शब्द वापरतात," तो गोडीत म्हणाला. "उगाच शब्दांचा कीस काढू नका."

"शब्दांचा कीस काढणं हाच माझा धंदा आहे," बाई म्हणाल्या. "मागचा तक्ता बघा. शंभरातली तीस झाडं काढायची, सत्तर ठेवायची. मग साफ कसं होईल?"

"तो तक्ता भाषांतरात जाणार नाहीये."

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. इतका वेळ त्या कुणाची तरी चूक दुरुस्त करत होत्या. ही चूक नव्हती.

"मग शिक्काही जाणार नाही."

मालक बाईंना दाराबाहेर घेऊन आले. "अहो, जंगल कुठलं, आपण कोण! एका शब्दासाठी माझं गिऱ्हाईक घालवता? शिक्का मारा, नाहीतर टेबल मोकळं करा."

"करते," बाई म्हणाल्या. त्यांनी शब्दकोश, चष्म्याची डबी आणि शिक्का पिशवीत टाकला. शिक्का त्यांच्या नावाचा होता, ऑफिसचा नव्हता. जिना उतरताना त्या मागे वळल्या नाहीत.

बाईंच्या नवऱ्याचं घराखालीच सलून होतं. रिकाम्या खुर्चीत बसून बाईंनी सगळं सांगितलं. तो कात्री पुसत ऐकत होता.

"म्हणजे गिऱ्हाईक म्हणालं, केस जरा विरळ करा, आणि मी त्याचा चकोट केला," तो म्हणाला. "वर सांगितलं, आमच्याकडे यालाच विरळ म्हणतात. मार खाईन की गं!"

बाईंना हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. "पण माझी नोकरी गेली."

मागच्या खोलीतून सासूबाई आल्या. त्या बाईंना कधी बरं म्हणत नसत. "नोकरी गेली, अक्कल तर शाबूत आहे ना? त्यांनी दुसरा शिक्केवाला गाठायच्या आत काहीतरी कर. रडतेस काय?"

बाईंनी डोळे पुसले. दुसऱ्या भागावर त्यांचा शिक्का नव्हता, पण पहिल्यावर होता, आणि दिलेला शिक्का कारण सांगून मागे घ्यायचा हक्क सनदेतच लिहिला होता. तो आजवर कुणी वापरल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी परवाना कार्यालयाला दीड पानाचं पत्र लिहिलं: दुसऱ्या भागात एक शब्द जाणूनबुजून बदलला जात आहे, तक्ता वगळला जात आहे, तेव्हा या आराखड्यासोबत माझं नाव राहू नये. पत्र त्यांनी स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली.

दोन महिन्यांनी सुनावणी झाली. कंपनीने खरंच दुसऱ्याचा शिक्का आणला होता. पण कार्यालयाने तक्त्यासकट मूळ आराखडा मागवला आणि तो लिहिणाऱ्या वनाधिकारी बाईलाही बोलावलं. ती ठेंगणी, उन्हाने रापलेली. कार्यालयाच्या अधिकाऱ्याने विचारलं, "क्लारा म्हणजे काय?"

"मी झाडं मोजून त्यांच्यावर खुणा केल्यात," ती म्हणाली आणि दुभाष्याने ते सांगितलं. "खुणेची काढायची. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

परवाना मिळाला तो फक्त विरळणीचा. कंपनीचा अधिकारी कागद गोळा करून कुणाकडेही न बघता निघून गेला.

डिक्शनरीबाईही सुनावणीला आल्या होत्या; बाहेरच्या बाकावर वनाधिकारी बाईने त्यांना विचारलं, "तुम्ही ते जंगल पाहिलंय?"

"नाही. कागदावरच."

"आणि तरी भांडलात?"

"कागदावरच तर तोडत होते," बाई म्हणाल्या.

नोकरी काही परत मिळाली नाही. बाईंनी सलूनच्या मागच्या खोलीत टेबल टाकलं. आधी कामं तुरळक आली, मग वनाधिकारी बाईच्या ओळखीने बऱ्यापैकी येऊ लागली.

एका दुपारी मालकांचा फोन आला. "परत या ना बाई. फक्त गिऱ्हाइकाच्या शब्दांना हात लावायचा नाही, एवढीच अट."

"मग नाही जमायचं. माझी उलटी अट आहे. गिऱ्हाइकाने माझ्या शब्दांना हात लावायचा नाही."

मग मालक ओशाळून म्हणाले, "बरं, एवढं तरी सांगा. 'ब्रिन्साल' म्हणजे काय हो? इथे कुणालाच येत नाहीये."

"सांगते," बाई म्हणाल्या. बी रुजून उगवलेलं झाड, हे सांगायला त्यांना शब्दकोश लागणार नव्हता. "पण सांगेन तसंच लिहा. त्यात फेरफार केलात तर कार्यालयाला पुढचं पत्र तुमच्याविरुद्ध जाईल. घेतलंत पेन?"