डोमाची साडी आणि मामाजींचं इंजिन

आमच्या घरात कोणी फसलं की मला लगेच कळतं, कारण खोटं बोलायची कला या घरात कोणालाच नाही. त्या दिवशी पार्सल उघडलं तेव्हा माझा नवरा देवानंद खोक्याकडे न बघता स्वतःच्या चपलांकडे बघत होता. माझे सासरे धनीराम, ज्यांना मी मामाजी म्हणते, ते मिशीवर हात फिरवत उगाच खोकत होते. खोक्यात दोन विटा होत्या आणि मिक्सरची एक जळकी मोटर. यायचं होतं नावेला लावायचं जुनं इंजिन.

इंजिनाची हौस नव्हती, गरज होती. धरणाचं पाणी पसरल्यापासून पवनीच्या वरच्या अंगाला आमची नदी ओळखू येत नाही. पूर्वी बापलेक दोन बिड्या ओढून होईपर्यंत जाळ्यापाशी पोचायचे, आता वल्हवता वल्हवता ऊन डोक्यावर येतं. त्यात देवानंदचा उजवा खांदा निकामी व्हायला आला. वल्हं सोडा नाहीतर धंदा सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नवं इंजिन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून देवानंदने फोनवर जुन्या वस्तूंचा लिलाव शोधून काढला.

लिलाव हा शब्द ऐकल्याबरोबर मामाजी खाटेवर मांडी घालून बसले. आमच्या गावात लिलाव म्हणजे मामाजीच. शारदेचा उत्सव संपला की देवीला नेसवलेल्या साड्या मांडवात लिलावात निघतात, आणि बोली पुकारायचा मान कित्येक वर्षांपासून त्यांचा आहे. साडी हातात उंच धरून ते "एक बार, दो बार" म्हणू लागले की पोरंसुद्धा गप्प बसतात. त्यांचा एकच नियम: बोली तोंडातून निघाली की ती देवीची झाली. तिला माघार नाही.

तर असा हा माणूस त्या दिवशी फोनपुढे बसला. देवानंद बोटाने आकडा दाबायचा, आणि मामाजी तोच आकडा मोठ्यांदा पुकारायचे, जणू पलीकडचे लोक कान देऊन बसलेत. शेवटी बोली आमच्यावर आली तेव्हा त्यांनी खाटेच्या कडेवर अशी थाप मारली की मांजर पळालं. थोड्याच वेळात विकणाऱ्याचा फोन आला. हिंदीत, गोड आवाजात. तुमची बोली पक्की झाली, पैसे आत्ताच्या आत्ता माझ्या खात्यावर टाका, नाहीतर बोलीवरून फिरणाऱ्यांत तुमचं नाव लागेल, म्हणाला. पैसे परस्पर देऊ नका, असं त्या ॲपवरच लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. देवानंदने ते वाचलं आणि त्याचा हात थांबला. पण मामाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"म्या बोली लावली अन् मांगं सरू? टाक पैसे," ते म्हणाले.

दोन हंगामांची शिल्लक मामाजींच्या खात्यावर होती, ती तिथून गेली. आणि घरी आल्या विटा.

मी बारावी शिकलेली, त्यामुळे असल्या वेळी फोन माझ्या हातात दिला जातो. आधी ॲपवाल्यांना विचारलं. तुम्ही आमच्याबाहेर पैसे दिलेत, आमच्याकडून परतावा मिळणार नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. मग सायबरच्या नंबरवर फोन लावला. तिथल्या बाईंनी खाते क्रमांक विचारला आणि सांगितलं की या माणसाविरुद्ध आधीच बऱ्याच तक्रारी आल्यात, त्याचं खातं थांबवलंय आणि त्यात पैसे आहेत. ज्यांची तक्रार नोंदलेली असेल त्यांनाच ते परत मिळतील. पण तक्रार ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच द्यायची, आणि उशीर करू नका.

मी आनंदाने मामाजींना सांगायला गेले. त्यांनी मान हलवली.

"बोली माह्या तोंडची होती, नीतू. कोनं गळा नाही धरला माहा. आता पैसे परत मांगू? उद्या शारदेच्या मांडवात कोनत्या तोंडानं उभा राहू?"

मी समजावलं. देवानंदनेही समजावलं, पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. आकडे त्यानेच दाबले होते ना. शेवटी मामाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी स्वच्छ धुतलेली भांडीही पुन्हा घासली. एका माणसाच्या ताठ मानेपायी दुसऱ्याचा खांदा जाणार, आणि हे त्या माणसाला दिसत नाही, याचा मला संताप येत होता. आणि खरं सांगू, त्यांची दयाही येत होती. अख्ख्या आयुष्यात त्यांच्याकडे मिरवण्यासारखी ती एकच गोष्ट होती, लिलावातला शब्द.

त्यात डोमाची गोष्ट होती. ती घरात कोणी काढत नसे, पण सगळ्यांना आठवत असे.

माझ्या लग्नाचं ते पहिलंच वर्ष. शारदेच्या साड्यांत एक हिरवी, जरीकाठाची साडी होती, देवीला नवमीला नेसवलेली. मामाजींच्याच बरोबरीच्या डोमाने ती बायकोसाठी, ललिताबाईंसाठी, मोठ्या बोलीने घेतली. घरी जाऊन घडी मोडली तर निऱ्यांच्या जागी समईच्या वातीने जळालेलं तळहाताएवढं भोक. डोमा साडी घेऊन मांडवात परत आला आणि पैसे परत मागितले. मामाजींनी भर लोकांत त्याला सुनावलं की ही देवीपुढची बोली आहे, दुकानातला सौदा नाही. आणि वर म्हणाले, "पैशापायी एवढा जीव जाते तं बोली लावाचीच नाही मानसानं." मांडव खदखदून हसला. डोमा साडी काखेत मारून निघून गेला. तेव्हापासून तो दर वर्षी लिलावाला येतो, मागे खांबापाशी उभा राहतो, आणि तोंडातून एक आकडा काढत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सासू बेबीबाई पवनीच्या बाजारात जायला मासोळीची टोपली भरत होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते; त्या कमी बोलतात. त्यांनी टोपलीतला एक रोहू उचलला आणि मामाजींच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अजी, उठा. हे पाहा," त्यांनी बोटाने माशाचा कल्ला उघडला. आत लालभडक होता. "मी रोज बजारात हे करतो. गिऱ्हाइकाले कल्ला उघडून दाखवतो, मंग भाव सांगतो. लाल दिसला तं थे घेते, नाही तं पुढं जाते. मी कधी म्हनलं का, भाव इचारला आता घ्याच लागते?"

मासा टोपलीत परत टाकून आत्याबाई वळल्या.

"तुमाले त्या मानसानं कल्ला दाखवला का? फोटो दाखवला. मंग थे बोली कायची?" आणि टोपली डोक्यावर घेता घेता, जणू काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाल्या, "डोमाभाऊलेबी तुमी घडीच दाखवली होती."

त्या निघून गेल्या. मी चुलीपाशी बसले होते. मला वाटलं आता मामाजी गरजतील. पण ते उठले, खुंटीवरचा पांढरा सदरा काढला आणि देवानंदला गाडी काढ, मला बरोबर चल म्हणाले.

भंडाऱ्याला सायबरच्या ऑफिसात रेणू नावाच्या हवालदार बाई होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं, मामाजींना पाणी दिलं आणि सांगितलं की काका, या खुर्चीवर मास्तर बसून गेले, बँकेतले साहेब बसून गेले, लाजायचं काही कारण नाही. मामाजी तरीही टोपी हातात धरून बसले होते. बाईंनी टाइप करायला सुरुवात केली. बोली लावून फसवणूक झाली, इथवर आल्यावर मामाजींनी हात वर केला.

"बाई, एक लिवा. वस्तू न दाखवता बोली घेतली, असं लिवा."

त्याने तक्रारीत काही फरक पडत नाही, असं बाईंनी सांगितलं.

"मले पडते," मामाजी म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि ती ओळ घातली. मामाजींनी कागद मला वाचायला लावला, मग सही केली. मला भरून आलं, आणि मी पंख्याकडे बघत बसले.

पुढे काय, तर वाट बघणं. कोर्टाचा हुकूम व्हायचा होता, बँकेचं उत्तर यायचं होतं, मग पुन्हा भंडारा. देवानंद तेवढे दिवस डाव्या हाताने वल्हवत राहिला, आणि नाव अर्धा वेळ भलतीकडेच जायची. भादवा लागला आणि एके दुपारी मामाजींचा फोन वाजला. सगळे नाही, पण बहुतेक पैसे परत आले होते; जुनं इंजिन घेता येईल एवढे. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली. देवानंद हसला, खूप दिवसांनी. मामाजींनी मात्र त्यातून काही पैसे काढून आणायला सांगितले आणि मला म्हणाले, "चाल माह्यासंगं." कुठे ते मी विचारलं नाही.

डोमा ओट्यावर जाळं शिवत बसला होता. ललिताबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मामाजींनी पैसे त्याच्यापुढे ठेवले. त्या हिरव्या साडीचे, म्हणाले. डोमाने सुई थांबवली नाही.

"मले मालूम हाय तुह्यासंगं काय झालं थे," तो म्हणाला. "बरं झालं तुले भेटले. हे उचल."

"डोमा, म्या चुकलो."

"हां. पन पैशासाठी म्या बोली नाही सोडली, धनीराम. त्या दिवशी पुरा मांडव हासला होता. थे हासनं परत देतेस का तू?"

ललिताबाईंनी सूप खाली ठेवलं आणि आत गेल्या. आम्ही पैसे उचलून परत आलो.

यंदा शारदेच्या लिलावाला मी पहिल्या रांगेत बसले होते. मांडव भरला होता. डोमा मागे खांबापाशी होता, नेहमीसारखा. मामाजी उभे राहिले, पहिली साडी घेतली, आणि ती उंच न धरता मला हाक मारली. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं माझ्या शेजारी बसलेल्या मंगलाबाईंच्या. आम्ही दोघींनी साडी पुरती उलगडून ट्यूबलाइटच्या उजेडात ताणून धरली.

"आजपासून साडी अशीच दिसन," मामाजी म्हणाले. "घडी दाखवून बोली घ्याची नाही." लोक कुजबुजले. मामाजींचा आवाज बसला होता, पण ते थांबले नाहीत. "डोमाले म्या जळकी साडी देल्ली होती. त्यानं पैसे परत मांगतले, थे बरोबर होतं. मीच तुमाले त्याच्यावर हासवलं. मंग मी फोनवर दोन इटा घेतल्या. न पाहता. अन् परत मांगाले भंडाऱ्याले गेलो. मले भेटले. त्याले नव्हते भेटले."

मामाजींनी घसा खाकरला आणि बोली पुकारली. कोणीच आकडा बोलेना. कोणी आपल्या पायांकडे बघत होतं, कोणी देवीकडे. मामाजींनी पुन्हा पुकारलं. माझे हात दुखू लागले होते.

तेवढ्यात मागून, खांबापासून, आवाज आला.

"धनीराम, पदर पालटून दाखव. मांगच्या अंगाले इट बांधली असन तं?"

आधी एक पोर फिसकन हसलं. मग बायका, मग सगळा मांडव. मंगलाबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातून साडीचं टोकच सुटलं. मामाजी तिथे मध्यभागी उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात, आणि अख्खं गाव त्यांना हसत होतं. त्यांनी खाली वाकून ते टोक उचललं, पदर उलटा केला, आणि खांबाकडे तोंड करून दोन्ही हातांनी उंच धरला. त्यांचे डोळे भरले होते आणि तेही हसत होते.

"पाह्य डोमा. नीट पाह्य."

डोमा गर्दीतून वाट काढत पुढे आला. त्याने साडीला हात लावला, काठ चाचपला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिला आकडा बोलला.