माझ्यामागे कोण?

शनिवार हा वार ज्याने कुणी शोधून काढला तो नक्की पुरुष असणार, असं काडीचं ठाम मत होतं. शनिवारी कवायत, आणि कवायतीला पांढरा गणवेश. बाकीचे दिवस गडद निळा स्कर्ट, त्यात शाई सांडली तरी पचून जायची. पांढऱ्यावर मात्र काही पचत नाही.

काडी आणि गोटी बालवर्गापासूनच्या मैत्रिणी. एक उंच नि वाळकी, दुसरी ठेंगणी नि गरगरीत. नावं वर्गाने ठेवली होती आणि दोघींनी ती मुकाट्याने स्वीकारली होती, कारण याहून वाईट नावं कशी पडतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गेल्या वर्षी वरच्या वर्गातली एक मुलगी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर चढली आणि तिच्या पांढऱ्या स्कर्टवर मागे डाग दिसला. टाळ्या विरल्या, हसू फुटलं. मुलं तिला वर्षभर ‘लाल दिवा’ म्हणत राहिली. शेवटी तिने शाळाच बदलली.

तो डाग दिसला त्याच दिवशी दोघींनी ठरवून टाकलं. उठताना एकीने विचारायचं, “माझ्यामागे कोण?” दुसरीने पटकन नजर टाकून म्हणायचं, “कोणी नाही.” काही दिसलंच, तर म्हणायचं, “मावशी.” तेव्हा दोघींपैकी एकीलाही पाळी आली नव्हती, पण तपासणी मात्र सीमेवरच्या चौकीसारखी कडक चालायची. आणखी एक करार होता. जिला आधी येईल तिने दुसरीला सगळ्यांच्या आधी सांगायचं.

काडीला सुट्टीत आली. आणि तिने सांगितलं नाही. का, ते तिचं तिलाही उमगलं नाही. गोटीला मागे टाकून आपण एकटीच पुढे पळालो, असं काहीतरी वाटलं, आणि लाजही वाटली. मग एक दिवस काडीच्या आत्याने गोटीच्या आईला दारातच ती बातमी दिली. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. गोटी तिथेच उभी होती.

“मग आता तुझी तूच बघ,” गोटी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दप्तर उचलून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. कट्टी.

या शनिवारी कवायत आटोपून गणिताचा तास सुरू झाला आणि काडीच्या ओटीपोटात कळ आली. मग ते जाणवलं. ओलसर, गरम. अजून आठवडा होता ना? आईने तर कॅलेंडरवर खूण करून दिली होती! तिने मांड्या घट्ट आवळल्या आणि हळूच मागे हात नेऊन पाहावं असं तिला वाटलं, पण मागच्या बाकावर मुलं बसली होती. लाल दिव्याचं बारसं करणाराही त्यांच्यातच होता.

डाग पडला असेल की नाही, हे कळायला जगात एकच वाट होती, आणि ती वाट शेवटच्या बाकावर तोंड फुगवून बसली होती.

“हं, काडी,” सर म्हणाले. सरही तिला काडीच म्हणायचे. “फळ्यावर ये. हे उदाहरण तुझ्याशिवाय कुणाला सुटायचं नाही.”

काडी हलली नाही.

“अगं, ऊठ की.”

गणित तिला येत होतं, उत्तर डोक्यात तयार होतं, पण बाकावरून उठणं म्हणजे त्या व्यासपीठावर चढणं होतं. तिला स्वतःचं नवं नाव ऐकू यायला लागलं. आईला काय सांगायचं? शाळा बदलते म्हणून?

“कानात बोळे घातलेस का?” सरांचा आवाज चढला. आता सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. मागून कुणीतरी फिसकलं.

“सर, मला... नाही येत.”

“न येणारं फळ्यावरच शिकतात. नाहीतर वर्गाबाहेर हो! दोन्हीपैकी एक.”

दोन्हीकडे उठावंच लागणार होतं. इकडे आड, तिकडे विहीर. काडीचे डोळे भरून आले, आणि तिने बाकाची कड अशी धरली की नखं पांढरी पडली.

“सर, चूक माझी आहे.”

शेवटचा बाक करकरला. गोटी उभी होती, तोंड अजून फुगलेलंच.

“आमची पैज लागली होती. तुम्ही कितीही ओरडलात तरी तिने उठायचं नाही.”

वर्गात हशा उसळला. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “पैज? माझ्या तासाला? व्हा बाहेर, दोघीही! आणि सोमवारी पालकांना घेऊन या!”

गोटी बाकांमधून तरातरा पुढे आली. तिच्या घरी पालक म्हणजे बाबा, आणि बाबांच्या रागाला ती किती टरकते हे काडीला पक्कं ठाऊक होतं. ती काडीच्या बाकाशी थांबली, मुलांच्या बाकाकडे पाठ करून.

“कट्टी सुटलेली नाहीये हं,” ती दातांआडून पुटपुटली. “ऊठ आता.”

काडी उठली. मागे वळून बघायचं धाडस नव्हतं. ओठही न हलवता तिने विचारलं, “माझ्यामागे कोण?”

गोटीने खाली पाहिलं.

मग गोटी इतकी जवळ सरकली की तिचा श्वास काडीच्या पाठीला लागला.

“मी,” ती म्हणाली. “चाल.”

आणि टाचेवर टाच देत, एकमेकींच्या पायांत अडखळत, दोघी दाराकडे निघाल्या.