कपाटातली ती

मी बिट्टीच्या खोलीतलं कपाट बोलतोय. जरा हळू बोलतो, कारण पोर आत्ताच झोपलीय.

बिट्टीची आई लहान होती तेव्हा एका सुतारानं मला घडवलं. दारं जाडजूड, चांगल्या लाकडाची. पाठीला मात्र हलकी फळी ठोकली. "भिंतीकडची बाजू कोण बघतंय?" म्हणाला. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. पण कपाटाला विचारतो कोण!

पुढे आईचे फ्रॉक गेले, बिट्टीचे आले. सगळं सुरळीत चाललं होतं. एके दिवशी बाबा माझ्यापुढे वाकले, तर खाली मातीची बारीक रेघ.

"अगं, वाळवी आलीय कपाटात," ते आईला म्हणाले. "हिचा बाहेरून पत्ता लागत नाही. आतल्या आत पोखरते. एक दिवस सगळं फस्त करेल, बघ."

माझी तर बोबडीच वळली. पलंगावर बिट्टी बाहुलीचे केस विंचरत होती. तिचा हात मध्येच थांबला. तो मी पाहिला, त्या दोघांनी नाही.

त्या रात्रीपासून बिट्टी झोपेतून किंचाळत उठायला लागली. "ती आली! कपाटातून आली!"

बाबा धावत यायचे, माझी दारं सताड उघडायचे. "बघ, आहे का कुणी? घाबरट कुठली!"

"ती दिसत नाही ना!" बिट्टी हुंदके देत म्हणायची. ती म्हणजे कोण, हे कुणी विचारलंच नाही. माणसांचं हे असंच. पोर घाबरलं की 'काही नाही, काही नाही' म्हणून मोकळी होतात.

दिवा विझला की बिट्टी पांघरुणाच्या फटीतून माझ्याकडे बघायची. माझ्या पाठीत बारीक कुरकुर चाललेली असायची. दोघंही टक्क जागे. 'अगं, मीसुद्धा घाबरलोय,' असं मला सांगायचं होतं, पण माझी दारं नुसती करकरायची आणि ती आणखीच आक्रसून जायची.

शेवटी आई म्हणाली, "काढूनच टाकू हे कपाट. पोर तरी झोपेल." झालं, संपलो मी!

न्यायला आला तो तोच सुतार, आता पार म्हातारा झालेला. त्यानं पटाशी काढली तशी बिट्टी आईच्या मागून ओरडली, "आजोबा, सांभाळून! ती तुम्हालापण खाईल!"

"कोण गं?"

"वाळवी. तिचे केस खूप लांब आहेत का हो?"

आईबाबांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबा बिट्टीजवळ येऊन बसले.

सुतार हसला नाही. त्यानं माझ्या पाठीची एक ढलपी काढून तळहातावर धरली. तिच्यावर कणीएवढे पांढरे किडे वळवळत होते. "ही बघ तुझी वाळवी. आंधळी असते बिचारी. उजेडाला भिते."

"मला पण भिते?"

"तुला तर फारच."

"चुकलं गं माझं," बाबा म्हणाले. "मी विचारायला हवं होतं."

सुतारानं माझी पाठ उघडी केली आणि स्वतःशीच पुटपुटला, "भिंतीकडची बाजू कोण बघतंय म्हणालो होतो, नाही का?" मला न्यायचं सोडून या वेळी त्यानं चांगली फळी बसवली. जाताना बिट्टीला शिकवून गेला, "रोज टकटक करून बघ. भरीव वाजलं तर ठीक. पोकळ वाजलं तर मला हाक मार."

आता ती झोपते. मला मात्र झोप नाही. एकदा पोखरलेल्याला कुरकुर जन्मभर ऐकू येते. तुमच्याकडे कुणी झोपेतून दचकून उठलं, तर खुशाल दिवा लावा, कपाटाचं दार उघडा, पण त्याआधी एवढं विचारा, की बाळा, कोण आलं होतं?

आज झोपण्याआधी बिट्टीनं माझ्या डाव्या कोपऱ्यावर टकटक केली. थांबली. पुन्हा केली. भीतीनं माझं दार करकरलं.

"बाबा, इथे पोकळ वाजतंय," तिनं हाक मारली. मग माझ्या फळीला गाल टेकवून हळूच म्हणाली, "घाबरलास का रे? सांग मला, कुठे आहे ती?"