मम्पोंगच्या घाटातली पिकअप

१९७८ सालची ही गोष्ट. घानातल्या एजुराच्या बाजारात स्वतःची पिकअप असलेली बाई तेव्हा मी एकटीच होते. यामचे कंद कुमासीला नेऊन विकायचे, हा माझा धंदा. गाडी जुनीच घेतली, म्हणून रंगारी आतोकडून ती नव्याने रंगवून घेतली आणि मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, "तुम्हाला विचारलंय कुणी?" आमच्याकडे प्रत्येक गाडीवर काहीतरी लिहिलेलं असतं, बहुतेक देवाचं नाव. माझं वाचून स्टँडवरच्या पुरुषांची तोंडं वाकडी झाली.

आठवडाभरात गाडी बंद पडू लागली. पाच-सात कोस नीट पळायची, मग ओढ कमी व्हायची, मम्पोंगच्या घाटात धापा टाकायची आणि विझायची. मिस्त्री फ्रिम्पॉन्गने प्लग बदलले, कार्ब्युरेटर खोलून धुतला, फिल्टर साफ केला. शेवटी हात पुसत म्हणाला, "आँटी, इंजिन गेलंय. विकून मोकळ्या व्हा."

विकत घ्यायला स्टँडच्या संघटनेचा चेअरमन अग्येई टपलेलाच होता. भर स्टँडवर त्याने सुनावलं, "अफिया, दोष त्या अक्षरांचा आहे. शुक्रवारपर्यंत पुसून टाक, नाहीतर माल भरायच्या रांगेत तुझ्या गाडीला नंबर नाही."

"अक्षरं पेट्रोल पितात होय, चेअरमन?"

"बाईने तोंड आवरलं की गाडी चालते."

"तुमची बायको तर कधी बोलतच नाही. मग तुमचा ट्रक महिनाभर विटांवर का उभाय?"

लोक हसले. मी हसले नाही. नंबर गेला की धंदा गेला, हे मला कळत होतं.

गुरुवारी मी स्वतः ड्रायव्हर बादूशेजारी बसले. घाटाच्या पायथ्याशीच गाडी विझली. पेट्रोलचा काटा मोडका असल्यामुळे बादूने नेहमीप्रमाणे टाकीत काडी बुडवून पेट्रोल बघितलं, हात जोडून प्रार्थना केली आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू!

"बघा आँटी, देव ऐकतो."

अर्ध्या चढावर पुन्हा तेच. म्हटलं, "आता नुसती प्रार्थना कर. काडीला हात लावायचा नाही."

"पण पेट्रोल..."

"हात लावायचा नाही म्हणते ना!"

त्याने तीनदा प्रार्थना केली. अर्धा तास थांबलो. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी रडकुंडीला आली, पण गाडी हलेना. मग मी उतरले आणि टाकीचं झाकण स्वतः फिरवलं. आत हवा शिरल्याचा सुस्कारा स्पष्ट ऐकू आला. पुढच्याच किल्लीला इंजिन धडधडलं.

माझी आई पाम तेल विकायची. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतं. हवेसाठी दुसरं पाडावंच लागतं. झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. त्यातलं सुईएवढं भोक आतोच्या लाल रंगाने बुजलं होतं. पठ्ठ्याने झाकणही सोडलं नव्हतं. डोक्यातली पिन काढून मी ते तिथेच मोकळं केलं. भरल्या गाडीनिशी घाट एका दमात चढलो.

शुक्रवारी चेअरमन म्हणाला, "गाडी चालली ते बरं झालं. पण अक्षरं पुसायचीच."

"का? आता कोणता बिघाड उरलाय?"

मी आतोला तिथेच बोलावलं आणि सगळ्यांदेखत तीच अक्षरं दुप्पट मोठी काढायला लावली. रांगेत माझ्यामागे अडकलेल्या ट्रकवाल्यांनीच ओरडून चेअरमनला माझी गाडी पुढे सोडायला लावली; त्यांनाही माल भरायचा होता.

संघटनेच्या पुढच्या निवडणुकीत अग्येईची खुर्ची गेली. तो आक्राला मुलाकडे राहिला आणि तिथेच वारला. फ्रिम्पॉन्ग डोळे जाईपर्यंत गाड्या दुरुस्त करत होता. बंद पडलेली गाडी आली की आधी टाकीचं झाकण काढायचा, पण कुणाकडून शिकलो ते कधी सांगितलं नाही. आतो शेजारच्या देशात, आबिजानला गेला, त्याचं पत्र आलं नाही. बादूने स्वतःचा ट्रक घेतला आणि ९१ साली तापाने गेला. पिकअप मी पंधरा वर्षं चालवून भंगारात दिली, इंजिन तेच होतं. मी अजून एजुरातच आहे. बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला खुर्ची टाकून जाणाऱ्या गाड्यांवरची अक्षरं वाचत बसते. धूळ उडते, आत चल, असं माझ्या मुली म्हणतात. मी जात नाही.