अर्धं शटर

"रफूताई, तुमचे हात फेमस झाले की!" समोरचा किल्लीवाला गल्ली ओलांडून आला आणि अर्ध्या शटरखालून वाकून त्याने आपला फोन आत धरला.

फोनवर तिचेच हात होते. मांडीवर कुणाचा तरी करडा कोट, चिमटीत सुई आणि तिचं मधलं बोट, अर्ध्यावरून बाहेरच्या बाजूला वळलेलं. खाली लिहिलं होतं, 'मध्यवस्तीतलं दडलेलं रत्न : जिन्याखालची रफूवाली.' त्याखाली पत्ता. चौकातल्या घड्याळापासून कुठे वळायचं, छापखान्याच्या भिंतीला लागून कसं यायचं, सगळं अगदी समजावून.

"कधीचं हे?"

"परवाचं. हजारो लोकांनी पाहिलंय. आता बघा, गिऱ्हाईकांची कशी रीघ लागते ती!"

"हजारो?" ती म्हणाली आणि सुई तिच्या अंगठ्यात शिरली.

हा उद्योग झेंडीचा. झेंडी म्हणजे दर रविवारी काठीला पिवळा रुमाल बांधून माणसांचा घोळका मध्यवस्तीत फिरवणारी मुलगी. थिएटरच्या मागची भिंत, तिच्यावर एकावर एक चिकटलेल्या पोस्टरांचे थर. तळघरातला बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा म्हातारा. छापखान्याच्या फरशीखालून वाहणारा झरा, ज्याचा आवाज कान लावला की ऐकू येतो. असलं काय काय ती शोधून काढायची. पोरगी गोड होती, पण रत्न दडलेलं असेल तर ते कुणीतरी दडवलेलं असतं, हे काही तिच्या डोक्यात यायचं नाही.

"चेहरा नको हं," रफूताईने तिला बजावलं होतं.

"नाही हो ताई, फक्त हात!" झेंडी म्हणाली होती, आणि तिने शब्द पाळला होता. चूक रफूताईचीच. लपायचं म्हणून तिने गाव बदललं, केस कापले, आवाजसुद्धा खाली आणला. बोट मात्र रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे तिच्या लक्षातच आलं नाही.

ते बोट नवऱ्याने दारात चेमटवलं होतं. चुकून नव्हे. तिचा हात चौकटीवर धरला आणि दार लावलं. वाकडं बसलेल्या त्या बोटात अंगुस्तान जाईना, म्हणून सुई ढकलायची ती धातूची टोपी ती शेजारच्या बोटात घालायची. फोटोत तेही लख्ख दिसत होतं. आपली कामगिरी कोण विसरतो? तो ओळखणारच. ओळखल्यावर येणारच. जाताना ती त्याला काही सांगून गेली नव्हती, आणि न सांगता गेलेलं भांडंसुद्धा तो घर उलथंपालथं करून शोधून काढायचा.

"काय झालं? चेहरा का असा?" किल्लीवाल्याने विचारलं.

"काही नाही. सुई लागली."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस, ताई. तुम्ही उगाच..." एवढं बोलून तो थांबला. तिच्या मागच्या दाराला एकामागून एक तीन कुलुपं त्यानेच बसवून दिली होती. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. तो फोन खिशात टाकून परत गेला.

तिचं शटर कायम अर्धंच असायचं. स्टुलावर बसलं की तिला गल्लीतल्या माणसांचे फक्त पाय दिसत, आणि पायांवरून ती सगळ्यांना ओळखे. छापखान्यातला शाईचे डाग पडलेले बूट घालायचा. पोस्टमनची डावी चप्पल करकरायची. कोण आलं हे तिला आधी कळायचं आणि ती आत आहे हे त्यांना नंतर. या एका गोष्टीवर तिला झोप लागत असे. तिला भीती होती ती एकाच माणसाच्या पायांची. टाच घासत चालणारे, तपकिरी बूट, डाव्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली.

तो रविवारच होता. उन्हं उतरू लागली तसा झेंडीचा घोळका आला. चौकात कुठलं तरी बॅण्डपथक वाजत होतं, त्यामुळे नेहमीपेक्षा गर्दी जास्त. पायच पाय. कॅनव्हासचे, उंच टाचांचे, लहान मुलांचे लुकलुकणारे.

"आणि इथे आहेत आपल्या रफूताई!" बाहेरून झेंडीचा आवाज आला. "यांचा रफू सापडला तर दुरुस्तीचे पैसे परत!"

लोक हसले. रफूताईला हसू आलं नाही. त्या पायांमध्ये मागे, भिंतीलगत, तपकिरी बूट उभे होते.

घोळका पुढे सरकला. बूट हलले नाहीत. मग दोन पावलं पुढे आले. थांबले. मागे गेले. पुन्हा पुढे. टेबलाखाली भरून ठेवलेली पिशवी होती, तिचे बंद तिने हाताला गुंडाळले.

बूट शटरपाशी आले. गुडघे वाकले. एक गुबगुबीत, घामेजलेला पोरगेला चेहरा खाली डोकावला.

"सॉरी हं काकू, इथे जवळ टॉयलेट कुठंय?"

तिने हातानेच दाखवलं. तो गेल्यावर ती स्वतःशीच हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. ती तर आता पाणीसुद्धा फुंकत होती. उद्या सकाळीच इथून निघायचं, तिने ठरवलं. कुठे, ते बसस्टँडवर गेल्यावर ठरेल. कोट पुरा करून किल्लीवाल्याकडे ठेवायचा आणि निघायचं.

बॅण्ड थांबला. गल्ली रिकामी झाली. ती मान खाली घालून शेवटचे टाके घालत होती, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली.

"वहिनी."

या शहरात तिला ताई म्हणत, काकू म्हणत, एक म्हातारा तर मॅडमसुद्धा म्हणे. वहिनी कुणीच म्हणत नसे. वहिनी ती एकाच घरात होती.

पाय कुणाचे, हे बघायलाही ती थांबली नाही. पिशवी उचलून मागच्या दाराकडे धावली. पहिलं कुलूप उघडलं. दुसऱ्याची किल्ली तिसऱ्यात घातली, ती अडकली. तो आत येऊ नये म्हणून लावलेल्या कुलुपांनी तिलाच कोंडून ठेवलं होतं.

"वहिनी, मी एकटीच आहे गं. बघ ना."

शटरखालून वाकून एक बाई आत आली. केसांत पांढरं डोकावत होतं. तरी हनुवटीवरचा तीळ तोच.

"छोटी?" ती नणंद होती. तेव्हा शाळेत होती.

"तो कुठंय?" रफूताईने विचारलं. "बाहेर उभाय ना? खरं सांग."

"दादा गेला, वहिनी."

"कुठे गेला?"

"गेला म्हणजे... वारला. दोन वर्षं होऊन गेली. पोटाचं दुखणं. मी होते ना शेवटपर्यंत."

रफूताई दाराला पाठ लावून उभीच राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला आला तो राग. दोन वर्षं. शटर अर्धं, दिवा मंद, पोस्टमनची चप्पल करकरली तरी काळजात धस्स. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो नव्हताच.

"मग सांगायचं नाही मला?" ती ओरडली. "कुणीच कसं सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? कुठे सांगू?" नणंदही रडत होती. "किती शोधलं तुला! तू तुझ्या रफूसारखीच निघालीस, कुठे शिवून घेतलंस पत्ताच लागेना. परवा मुलीने तो फोटो दाखवला, आणि बोट बघितल्याबरोबर मी म्हटलं, ही वहिनी."

"त्याच्या हातचं आहे. ओळखू येणारच."

"त्याच्या नाही." नणंदेने तिचा हात हातात घेतला. "मोडलं त्याने. बांधलं मी. उशीचा अभ्रा फाडून, रात्री, घाबरत घाबरत. मला कुठे येत होतं तेव्हा? ते वाकडं बसलं ते माझ्याच हातून."

रफूताई त्या बोटाकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती त्याच्याकडे बघत होती, पण ते बांधणारं कुणी होतं, हे ती पार विसरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी किल्लीवाला तेलाची बाटली घेऊन आला. शटर वर जाईना. अर्ध्याच्या वरच्या खाचांना गंज चढला होता. दोघांनी जोर लावला, नणंदेने खालून ढकललं, तेव्हा ते कण्हत कुरकुरत एकदाचं वर गेलं. इतका उजेड आला की टेबलावरची धूळ दिसायला लागली.

"बसा आता राणीसारख्या," किल्लीवाला म्हणाला.

ती स्टुलावर बसली. थोड्या वेळाने कुणीतरी येऊन समोर उभं राहिलं. तिने सवयीने आधी पायांकडे पाहिलं. अंगुस्तान घातलेला हात क्षणभर टेबलाखाली, पिशवीपाशी गेला. मग तिने तो परत कोटावर आणून ठेवला आणि हळूहळू मान वर केली.