नालवाडी ते मॉरिशस

प्रेमदास महाराजांचा उजवा पाय साखरेच्या आजारानं घोट्याच्या वर कापावा लागला, तेव्हा नालवाडीला त्यांच्या पायापेक्षा त्यांच्या कीर्तनाचीच हळहळ जास्त वाटली. कीर्तन उभ्यानं करायचं असतं. बसून जे होतं ते प्रवचन, आणि महाराजांच्या मते प्रवचन म्हणजे फोडणी न घातलेलं वरण. पोट भरतं, पण दुसऱ्यांदा कोणी मागत नाही. कुबडी घेऊन उभे राहा, असं पुष्कळांनी सुचवून पाहिलं.

"एका हातात कुबडी, एका हातात टाळ," महाराज म्हणाले, "मंग देवाले हात कोणते जोडू?"

रूपराव हे त्यांच्या मागं टाळ घेऊन उभे राहणारे. गावाच्या कडेला पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे, सकाळी वर्ध्याच्या बाजारात माल टाकायचे आणि संध्याकाळी जिथं महाराजांचं कीर्तन असेल तिथं हजर. महाराजांनी चरण उचललं की ते पाठीमागून झेलायचं, महाराज कथेत शिरले की टाळ छातीशी धरून डोळे पुसायचे. तीच कथा कितीदा ऐकलेली असायची, तरी पुसायचे. असा माणूस, आणि पुढचा उभा राहणाराच खाली बसला. मागच्यानं उभं राहून काय करायचं?

महाराजांची मुलगी चंचल पुण्याला नोकरीला. बापाचं मन कशात तरी रमावं म्हणून तिनं त्यांच्या फोनमध्ये शिडाच्या होडीचा एक खेळ टाकून दिला. खेळ मोठा वेगळाच होता. त्यात मारामारी नाही, हारजीत नाही. आपली एक होडी, जगाचा नकाशा, आणि या घडीला समुद्रावर जो खरा वारा सुटला असेल तोच वारा त्या नकाशावर. नकाशावर जागा दाखवली की होडी तिकडं तोंड करते. मुंबईहून कुठं निघालात तर खऱ्या होडीला लागतील तितकेच दिवस लागणार. फोन बंद करून जेवायला बसलात तरी होडी चालूच. शेवटी जी दिशा लावून दिली असेल त्या दिशेनं जात राहते. आणि रोज लॉग लिहायचा: वारा कुठला, वेग किती, मनात काय.

"आयुष्यभर लोकायले भवसागर पार करून देल्ला, महाराज," रूपराव म्हणाले, "आता सोता उतरा पाण्यात."

"उतरतो. पण मागं कोण उभं राहीन?"

झालं. रूपरावांनी पण खेळ घेतला.

कुठं जायचं, यावर दिवाळीपासून ओसरीत खल चालला. चंचलच्या शाळेतलं नकाशांचं जुनं पुस्तक खाली काढलं. मॉरिशसला आपली मराठी माणसं आहेत, अजून भजनं म्हणतात, हे महाराजांनी कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून मॉरिशस ठरलं. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, म्हणजे पाठीवर घेऊन खाली उतरायचं, वाटेतली लक्षद्वीपची आणि मालदीवची बेटं डावीकडं दूर ठेवायची, पुढं विषुववृत्तापाशी वारा पडतो तिथं घाई करायची नाही. दोघंही असे बोलायचे, जसे काही केळझरच्या गणपतीला बैलगाडीनंच निघाले आहेत. महाराजांच्या बायको, रुखमावहिनी, चहा घेऊन यायच्या आणि उंबऱ्यातच थांबायच्या.

"चहा इथंच घेता का समुद्रात आणून देऊ?"

महाराज हसायचे, पण नजर नकाशावरची उचलायचे नाहीत. वहिनी कप ठेवून जायच्या. पुढं पुढं त्या विचारीनाशा झाल्या, हे रूपरावांच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं, आणि त्यांनी ते तसंच बाजूला सरकवलं.

निघायला महाराजांनी एकादशी धरली. रूपराव सांगत होते की त्या दिवशी वारा नाही. महाराज ऐकेनात. दोन्ही होड्या मुंबईबाहेर दिवसभर शीड लोंबवून पडून राहिल्या.

"एकादशीले निघालो म्हणून वाऱ्यानंही उपास धरला का जी?" रूपरावांनी विचारलं.

द्वादशीला वाऱ्यानं उपास सोडला आणि होड्या निघाल्या. महाराजांची पुढं, रूपरावांची मागं, टाळकरी असतो तितक्या अंतरावर. सप्ताहात वीणा जशी कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असतेच, तिला भुईला टेकवायचं नाही, एकाचा पहारा संपला की दुसऱ्यानं गळ्यात घ्यायची, तसं दोघांनी होड्यांवर नजर ठेवायचं वाटून घेतलं. महाराजांचे लॉग म्हणजे कीर्तनच. "आज वारा भक्तासारखा आला, न बोलावता." "आज पाणी एकसारखं. पाहून पाहून डोळ्यात काही उरलं नाही. बरं वाटलं." रूपराव आपले लिहायचे: "वारा ठीक. महाराज पुढे आहेत."

मग महाराजांच्या दुसऱ्या पायाला जखम झाली आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथूनही त्यांचा फोन आला तो होडीसाठीच.

"रूपराव, मी बेटायकडं वळवली. लक्षद्वीप जवळून पाहून घेतो."

"महाराज, आपलं दूर ठेवाचं ठरलं होतं ना! खडक हायेत तिथं."

"अबे, इतक्या लांब आलो अन् पाह्याचं नाई? सकाळी वळवतो पश्चिमेले."

सकाळ महाराजांना दिसली नाही.

रूपरावांनी खांदा दिला. मोक्षधामापर्यंत भजन म्हणत गेले, चरणही स्वतःच उचलत गेले, कारण पुढं उभं राहून ते उचलणारं आता कोणी नव्हतं. घरी येऊन आंघोळ केली, अंगणातल्या बाजेवर बसले आणि हाताला सवय म्हणून फोन उघडला.

होडी चालली होती.

महाराजांच्या नावाची ती पांढरी खूण, शीड भरलेलं, वेग चांगला, तोंड नेमकं बेटांकडं. इकडं माणूस राख होऊन राहिला होता आणि तिकडं होडी त्यानं दाखवलेल्या वाटेनं निघाली होती, अगदी आज्ञाधारक. दोन-तीन दिवसांत ती खडकावर जाणार. खडकाला लागली की खेळात होडी फुटते, खूण नकाशावरून पुसली जाते, प्रवास संपतो. तिला वळवायचं तर महाराजांच्याच फोनवरून, आणि फोन रुखमावहिनींच्या कपाटात.

"मागून घेऊ का?" त्यांनी बायकोला, नलूला, विचारलं.

"काय मागता?" नलू भाकरी थापता थापता थांबली. "तिच्या कपायाचं कुंकू पुसून दोन दिवस नाई झाले, अन् तुमी तिच्या दारात जाऊन खेळण्याची गोष्ट काढसान? लाज नाई वाटत का जी?"

वाटत होती. म्हणून ते त्या दिवशी गेले नाहीत. पण होडी काही लाजेखातर थांबणारी नव्हती. संध्याकाळी पाहिलं, बेटं जवळ. सकाळी पाहिलं, आणखी जवळ. माणूस वाचवता आला नाही ही एक गोष्ट. पण ही त्याची शेवटची चालती वस्तू डोळ्यांदेखत फुटू द्यायची? तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून आल्यावर लोक पांगले, आणि रूपराव ओसरीत थांबले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"वहिनी, एक बोलायचं होतं. महाराजायची होडी..." त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं. बेटं, खडक, पश्चिमेला वळवायची राहिलेली.

वहिनी भिंतीपासून पुढं सरकल्या.

"कीर्तनात होते तवा गावाचे होते," त्या म्हणाल्या. "मी म्हणलं, असू दे, देवाचं काम हाये. पाय गेला तवा मले वाटलं, आता तरी माणूस घरात बसन. माह्याशी बोलन दोन शब्द. तं तुमी घेऊन गेले त्यायले समुद्रात."

"वहिनी..."

"दवाखान्यातही तोच फोन. मी पाय दाबून राह्यलो, अन् हे तुमाले सांगून राह्यले, बेटं पाहतो. मी कोठं होतो जी त्या नकाशात? आता फुटते तं फुटू द्या."

रूपराव उठले. चप्पल घालताना त्यांना वाटलं, या बाईचं बोलणं कुठंही खोडता येत नाही. कीर्तनात महाराज शंका काढायचे आणि स्वतःच सोडवायचे. ही शंका सोडवणारा गेला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी भीत भीत फोन उघडला. खूण पुसलेली असेल, असं मनाशी धरूनच उघडला. खूण होती. बेटांच्या अलीकडं, आणि तिचं तोंड फिरलेलं होतं! पश्चिमेला नव्हे. ईशान्येला, वर आणि उजवीकडं. रूपरावांनी नकाशावर करंगळीनं त्या तोंडापुढं रेघ ओढत नेली, किनारा ओलांडला, डोंगर ओलांडले, आणि करंगळी वर्ध्यावर येऊन थांबली.

हे कोणी केलं, ते त्यांना विचारावं लागलं नाही. ते मेथीच्या वाफ्यात खाली बसले आणि मोकळेपणी रडले.

पण होडीचा वेग शून्य होता. वारा तर ईशान्येचाच, वर्ध्याच्याच अंगानं येणारा, आणि वहिनींनी होडीचं तोंड सरळ त्या वाऱ्यात दिलं होतं. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी चालत नाही. शीड नुसतं फडफडतं. रूपराव आपली होडी घेऊन जवळ आले आणि त्यांनीही शीड सैल सोडलं. तेरवीपर्यंत जाऊन काही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. लॉगात लिहिलं: "महाराजांची होडी उभी आहे. मी जवळ आहे."

उभी आहे असं त्यांना दोनच दिवस वाटलं. मग बेटं लांब गेलेली दिसली. तोंड घराकडं, आणि वारा तिला छातीवर हात ठेवून लोटावं तसं मागं लोटत होता. रोज थोडी थोडी, पाठमोरी, ती नैर्ऋत्येला सरकत होती. महाराजांनी जिकडं जायचं ठरवलं होतं, तिकडंच.

तेरवीची पंगत उठली, पत्रावळी गेल्या, चंचल आत भांडी मोजून देत होती. रुखमावहिनी बाहेर आल्या. हातात फोन.

"भाऊजी, हे चालत काऊन नाई?"

"वहिनी, वारा समोरून येऊन राह्यला. त्याच्या तोंडावर होडी जात नाई."

"म्हंजे घरी यायले रस्ताच नाई?"

"हाये ना. तिरपं जा लागते. थोडं इकडं, थोडं तिकडं, असं करत करत. वेळ लागते, पण मी शिकवतो तुमाले. मुंबईपर्यंत आणू आपण."

"अन् मुंबईहून?"

वहिनी पायरीवर टेकल्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मले इतकंच वाटलं, इकडं पाहून तं उभी राहीन. रोज सकाळी पाहतो मी. उभी हाये ना?"

हो म्हटलं असतं तर काही बिघडत नव्हतं. नकाशा लहान करून ठेवला तर एवढंसं सरकणं वहिनींना कधी कळलंही नसतं. रूपरावांच्या ओठांवर हो आलंही होतं. पण या बाईचं त्यांनी एकदा घेतलं होतं, आता आणखी काही घ्यावं असं मन होईना.

"उभी नाई, वहिनी. मागं मागं जाऊन राह्यली. वारा लोटून राह्यला तिले."

"मागं? कुठी?"

"मॉरिशसच्याच अंगाले."

वहिनींनी फोन डोळ्यांजवळ नेला. पदरानं काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"पण तोंड इकडंच हाये?"

"तोंड इकडंच हाये."

"दवाखान्यात आत नेलं ना, तवा असंच," त्या हळूच म्हणाल्या. "गाडीवर झोपवून ढकलत नेलं. हे मान वळवून माह्याकडं पाहून राह्यले. दार लागेपर्यंत पाहून राह्यले. त्या वक्ताले फोन नव्हता हातात."

आत भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"बेटायवर तं नाई आदळणार?"

"नाई. आता समोर नुसतं पाणी."

"मंग जाऊ द्या. हात नका लावू." त्यांनी नकाशावर दुसरी खूण दाखवली. "ही कोणाची?"

"माही."

"तुमी काऊन थांबले इथं?"

"सोबत म्हणून."

"सोबतीचं काम नाई आता, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या. "तुमाले पोहोचाचं हाये ना? तुमी जा."

त्या दिवशी ऊन कलायच्या आत रूपरावांनी वाफ्याच्या बांधावर बसून शीड ओढून घेतलं. होडी थरथरली, वळली, वाऱ्यानं तिला पाठीवरून धरलं. लॉगात लिहिलं: "वारा ईशान्येचा, चांगला. आजपासून मी पुढे."

सूर्य टेकला तेव्हा दोन खुणांमध्ये नखभर पाणी दिसत होतं. सकाळी पालकाच्या जुड्या बांधून, हात धुऊन त्यांनी पुन्हा पाहिलं, तर एका पडद्यावर दोन्ही होड्या मावत नव्हत्या.