घासल्यावर खाडी स्वच्छ

मी इलेक्ट्रोड बोलतोय. केसाचे पाचशे भाग करा, त्यातला एक म्हणजे माझं टोक. म्हणून मला कमी समजू नका. पाण्यात शिशाचा मागमूस असला तरी मी गप्प बसत नाही. संगणकाच्या पडद्यावरच्या सपाट रेषेत टेकाड उभं करतो.

मरोळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत भाविकानं मला घडवलं. कॉलेज अर्ध्यात सोडलेली, चारकोपकडची कोळ्यांची पोर. तिनं माझ्या टोकावर पॉलिमरचा थर चढवला. तो चिखलाची घाण बाहेर ठेवतो आणि शिसं तेवढं ओढून घेतो. माझी सगळी अक्कल त्या थरात आहे.

भाविकाची आई कृष्णाबाई खाडीतली कालवं काढून विकते. त्या खाडीचं पाणी आधीच्या जाड्या इलेक्ट्रोडला नेहमी स्वच्छच वाटायचं. मी बुडालो आणि टेकाड उभं राहिलं.

"सर, शिसं आहे."

प्रयोगशाळा चालवणाऱ्या दत्ताराम सरांना तीस वर्षांचा अनुभव. पडद्याकडे न बघताच म्हणाले, "इलेक्ट्रोड पॉलिश केलास?"

"ह्याला नाही करायचं सर. थर जाईल."

"कॉलेज सोडलेल्यांनी आम्हाला शिकवायचं?"

त्यांनी मला पॉलिशच्या ओल्या पांढऱ्या भुकटीवर गोल गोल घासलं. माझं कातडं गेलं. मग पाण्यात बुडवलं. पडदा सपाट.

"बघ! स्वच्छ आहे पाणी. कर रिपोर्ट टाइप."

ही मोठी माणसं! बघणाऱ्याचे डोळे खरवडायचे आणि वर म्हणायचं, बघण्यासारखं काही नव्हतंच.

भाविकानं टाइप केलं नाही. सर जेवायला गेले तसं तिनं मला नवा थर चढवला. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा टेकाड. तिनं फोन लावला.

"आये, कालवं विकू नको. पाण्यात शिसं हाय."

"अगो, आताच काढलीत! तुझा सर काय बोलतो?"

"पाणी चांगलं हाय बोलतो."

पलीकडे बाजाराच्या गलक्यात टोपली उचलल्याचा आवाज.

"मी ओतते सगळी. पन तुझ्या सरासाठी वाटीभर ठेवते. चांगलं पाणी ना? खाऊ दे त्याला!"

रिपोर्ट टाइप केला नाही म्हणून सरांनी तिला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. ती मला डबीत घालून बाहेर पडली.

माझं टेकाड मोबाइलवर दाखवणारं यंत्र तिनं मैत्रिणीकडून मागून आणलंय. उद्या सकाळी मासळी बाजारात, सगळ्या कोळणींसमोर, ती मला खाडीच्या पाण्यात बुडवणार आहे.

सर, तुम्हीही या. हात मात्र खिशात ठेवा.